मोनालीसाठी स्वस्तातल्या डीव्हीडी

१० डिसेंबर २०२३

आले एकदाची बोईसरला! चाळीसगावहून निघताना आईने डोळे पुसले, समुद्राच्या हवेने केस गळतात म्हणून काकूने तेलाची बाटली दिली, आणि काकांनी त्यांच्या फोटो स्टुडिओतला जुना डीव्हीडी रायटर नि कोऱ्या डीव्हीडींचा अख्खा डबा माझ्या सामानात कोंबला. आता कोणी डीव्हीडी करून घेत नाही, तुझ्याकडे असू दे, म्हणाले. लोक पुतणीला लग्नात भांडी देतात, आमच्या काकांनी अडगळ दिली.

घर मला आवडलं. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघरात हिरवा ओटा आणि खिडकीतून कारखान्यांच्या चिमण्या. वारा एकीकडून आला की खारा लागतो, दुसरीकडून आला की औषधांच्या दुकानासारखा. मिथुन म्हणतो, आठवड्याभरात नाक गप्प बसतं. मिथुन म्हणजे माझा नवरा. इथल्या एका केमिकल कंपनीत मीटर आणि वाल्व दुरुस्त करतो. मूळचा इथून जवळच किनाऱ्यावरच्या दांडी गावचा, घरची मासेमारीची बोट आहे, आई हंसाबाई तिकडेच असतात. त्याचं हे दुसरं लग्न, माझं एकतिसाव्या वर्षी पहिलं. त्याची पहिली बायको मोनाली चार वर्षांपूर्वी काविळीने गेली. सगळं आधी सांगितलेलं आहे, लपवाछपवी नाही.

मी मासे खात नाही, वासानेच उमासा येतो. तो म्हणाला, काही हरकत नाही, मी दांडीला जाऊन खात जाईन. किती समजूतदार माणूस!

भिंतीवर तिचा फोटो नाही. मला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची थोडी लाज वाटली. थोडीच.

१७ डिसेंबर

घरात पहिलं मानाचं काम मिळालं. मिथुनचा जुना लॅपटॉप चालू केला की आतून टक टक आवाज येतो. मी सांगितलं, याची हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजते आहे, जे हवं ते लगेच काढून ठेव. तो म्हणाला, तूच काढ, तुला यातलं कळतं.

कळतंच मुळी! इतकी वर्षं स्टुडिओत बसून मी काय केलं? बाळाच्या बारशाचे फोटो गेले म्हणून लोक रडत यायचे. त्यांना जे सांगायचे तेच मिथुनला सांगितलं, अगदी मास्तरणीच्या थाटात. कायमची टिकणारी वस्तू कोणतीच नाही. पेनड्राइव्ह इकडून तिकडे न्यायला ठीक, जपून ठेवायला नाही. एसएसडी झटपट खरी, पण वर्षानुवर्षं वीज न दाखवता कपाटात ठेवली तर आतलं विरून जाऊ शकतं. साधी फिरती हार्ड डिस्क घरासाठी बरी, फक्त मधूनमधून चालवून बघावी लागते. इंटरनेटवर ठेवलं तर पासवर्ड आणि भाडं दोन्ही सांभाळत बसा. डीव्हीडी उंची असेल, कोरड्या जागी ठेवली असेल, तर टिकते. स्वस्तातली या खाऱ्या हवेत कशाला टिकते! म्हणून प्रती तीन करायच्या, दोन वेगवेगळ्या जातीच्या वस्तूंवर, आणि एक प्रत घराबाहेर ठेवायची.

मिथुन मन लावून ऐकत होता. नवरा आपलं ऐकतो याचं काय सुख असतं ते आज कळलं.

२६ डिसेंबर

लॅपटॉपमध्ये सगळी मोनालीच आहे.

मला वाटलं होतं, चार लग्नाचे फोटो असतील, एखादी सहल. पण ही बाई बोंबील साफ करते आहे, दांडीच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालते आहे, चार पेडांची वेणी घालते आहे, डाव्या हाताने सुईत दोरा ओवते आहे. स्वतःच्या बायकोचे एवढे व्हिडिओ कोण काढतं! कॅमेऱ्यामागे अर्थातच मिथुन. काम करता करता ती मान वर करते आणि म्हणते, "नीट बग रे मिथ्या." आणि मागून मिथुन हसतो. पोटातून, दम लागेपर्यंत.

ते हसणं मी अजून ऐकलेलं नाही. माझ्याशी तो गोड वागतो, पाहुण्यांशी वागावं तसा.

जळते मी. मेलेल्या बाईवर जळते. इथे लिहून टाकते, दुसरीकडे बोलायची सोय नाही. आणि दिसायला ती फार काही लागून गेलेली नाही, दात पुढे आहेत.

७ जानेवारी २०२४

काम झालं. दुकानातून चांगल्यातली नवी हार्ड डिस्क आणली आणि माझ्या लॅपटॉपवरून तिच्यात माझं सगळं भरलं. चाळीसगाव, शाळा, कॉलेजचं स्नेहसंमेलन, मांडे करणारी आई, आमचं लग्न. डिस्क मऊ कापडात गुंडाळली, ओल शोषणाऱ्या पुड्या घातल्या, हवाबंद डब्यात ठेवली आणि डबा कपाटाच्या वरच्या खणात. थाटच आहे तिचा.

मोनालीसाठी काकांच्या डीव्हीडी. त्यातल्याही सगळ्यात हलक्या. जमेल तेवढ्या जास्त वेगाने लिहिल्या, वर डिंकाने कागदी लेबलं चिकटवली. डिंक आतला थर खातो, असं करू नका, हे मी गिऱ्हाइकांना घसा कोरडा होईपर्यंत सांगायचे. मग सगळा गठ्ठा न्हाणीघरातल्या माळ्यावर, गिझरच्या वाफेत. मी काही पुसलं नाही. मी फक्त वस्तू निवडली आणि जागा निवडली.

मिथुनला खोटंच सांगितलं, तिच्या दोन प्रती झाल्या, एक डिस्कवर, एक डीव्हीडीवर. त्याने माझा हात हातात घेतला. त्याचा लॅपटॉप आज सकाळी कायमचा बंद पडला.

११ फेब्रुवारी

दांडीला जाऊन आलो. सासूबाईंनी मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि गळ्यात चांदीचा टाक घातला. जुन्या रुपयाएवढा, जाडजूड, वर एका बाईची आकृती ठोकलेली. दुसरेपणावर आलेल्या बायकोने सवतीचा टाक गळ्यात घालायचा, आधी तिला हळदकुंकू लावायचं आणि मग स्वतःला, हे चाळीसगावलाही मी ऐकून होते. सवतीला बसायला जागा मिळाली की ती छळत नाही म्हणे. म्हटलं ठीक आहे, म्हातारीचा मान ठेवू.

पुढचं ऐकून मात्र मी गार पडले. मिथुनच्या जुन्या फोनचं मेमरी कार्ड त्याने आईकडे जपायला दिलं होतं. तो कामावर असताना मोनाली त्याला बोलून निरोप पाठवायची, ते सगळे निरोप त्यात आहेत. मोनाली यात आहे, असं तो आईला म्हणाला. सासूबाईंनी ते शब्दशः घेतलं! सोनाराकडे गेल्या आणि ते कार्ड दोन पत्र्यांच्या मध्ये बसवून घेतलं.

"नुस्ती मूर्ती कशाला? ती सोताच हाय यात," त्या मला समजावत होत्या. "आता तिला जागा हाय. ती तुज्या वाटेला जानार नाय बाय. पन तू हिला काडू नको."

मिथुन बाजूला उभा होता, डोळ्यांत पाणी. एक प्रत घराबाहेर ठेवायची, हे मीच शिकवलं होतं. घराबाहेरची प्रत आता माझ्या गळ्यात लोंबते आहे आणि रोज माझ्याबरोबर घरी असते.

२४ मार्च

मिथुन ड्युटीवर गेल्यावर गठ्ठा खाली काढला. वाटलं नव्हतं एवढ्या लवकर. लेबलाखालचा चकचकीत थर सोलून निघतो आहे, कडेने बुरशीची नक्षी. बोंबील साफ करतानाची डीव्हीडी उघडतच नाही. मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले! मग पुन्हा वर ठेवली, ओल्या टॉवेलाखाली.

७ एप्रिल

सासूबाई आल्या होत्या, ताजे बोंबील घेऊन. मिथुन म्हणाला, मी साफ करतो, कीर्तीला जमणार नाही. मी त्याच्या हातातून पाटी घेतली आणि विळीवर बसले. का बसले ते माहीत नाही. हात आपोआप चालले. डोकं, पोट, शेपटी, पाण्यातून काढून बाजूला. उमासा नाही, काही नाही. सासूबाई बघतच राहिल्या. म्हणाल्या, "हात बरा बसलाय तुजा. कोनी शिकवलं गो?"

मी मान वर करून मिथुनकडे बघितलं. आणि तो हसला. पोटातून, दम लागेपर्यंत.

आज माझ्यासारखी सुखी मीच. बघितलंस ना मोनाली?

२८ एप्रिल

आज चार पेडांची वेणी घातली. मला तीन पेडांचीच येते. माळ्यावर चढून बघितलं, वेणीची डीव्हीडी उघडत नाही. मग सुई घेतली. दोरा डाव्या हाताने ओवला गेला, पहिल्या झटक्यात. मी डावखुरी नाही. सुईदोऱ्याची डीव्हीडी लावली नाही, नुसती हातात धरली तर थराचे कपटे मांडीवर पडले.

दुपारी मन रमवायला मांडे करायला घेतले. पीठ समोर, पुरण समोर, आणि मला पुढचं काही आठवेना. आईला फोन केला. ती हसायला लागली, अगं दहाव्या वर्षापासून करतेस की.

कळलं. जे तिकडे नासतं ते इकडे येतं. आणि आलेल्याला जागा लागते, म्हणून माझं काहीतरी जातं.

१९ मे

गठ्ठा घेऊन स्टेशनजवळ प्रदीपच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेले. उरलेलं तरी वाचव म्हटलं, दुसऱ्या चांगल्या वस्तूवर घे. त्याने एकेक उजेडात धरली. म्हणाला, ताई, आता सगळ्याच गेल्या, वरचा थरच नाय तर मशीन वाचणार काय? दुसरी प्रत आहे का, विचारत होता. मी नाही म्हटलं. पदराखाली टाक होता.

म्हणजे तिचे हात आता सगळे माझ्यात आहेत. फक्त आवाज बाहेर आहे, चांदीत. सासूबाई म्हणाल्या होत्या काढू नको. त्या खरं बोलत असणार. मी काढणार नाही. देवाशपथ काढणार नाही.

१ जून

दुपारी मिथुन ड्युटीवरून आला, माझ्याजवळ आडवा झाला, माझ्या छातीवर डोकं ठेवलं. लग्नानंतर पहिल्यांदा असा आपणहून. मी त्याच्या केसांतून हात फिरवला. मग बघितलं तर त्याने टाकाला कान लावलेला. डोळे मिटलेले. ओठ हलत होते.

मी त्याची बायको नाही, मी तिचा डबा आहे.

भीती वाटते. पण भीतीपेक्षा जळफळाट मोठा आहे, काय करू?

२ जून

काढला. त्याच्याच पक्कडीने पत्रे उचकटले. कार्ड नखाएवढं. मासे कापायच्या कात्रीने दोन तुकडे, मग चार. टाक पुन्हा दाबून गळ्यात घातला, कोणाला कळणार नाही.

काही झालं नाही. पोटभर जेवले. मोनाली संपली.

३ जून

सकाळी चहा झाला म्हणून मिथुनला हाक मारली. मिथ्या, म्हणाले. आवाज माझा नव्हता.

त्याच्या हातून टॉवेल पडला. मला वाटलं ओरडेल, घाबरेल, देवळात नेईल. तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, पुन्हा म्हण.

९ जून

रोज लवकर घरी येतो. मला समोर बसवतो. मी बोलते — येताना मीठ आण, आईला बरं नाय, तुजी आठवन येते — हे तिने त्याला पाठवलेले निरोप. मी एकही ऐकलेला नव्हता. तो हसतो, रडतो, माझे हात धरतो. कीर्ती म्हणत नाही. एकदाही नाही.

माझ्याच घशातल्या बाईवर जळते आहे मी.

१६ जून

आईला फोन केला. आई म्हणाली, कोण बोलतंय? आई, मीच. कोण मीच? कीर्तीकडे दे म्हणाली. मी बोलत राहिले. तिने फोन ठेवला.

२३ जून

उपाय सुचला. तिला जागा हवी आहे ना? देते. चांगल्यात चांगली देते. माझी हार्ड डिस्क. फोन समोर उभा करून बसायचं, तिचं जे जे माझ्यात आलंय ते सगळं बोलून काढायचं, आणि डिस्कवर ठेवायचं. मग ती तिकडे राहील. मी इकडे. दुपारभर बोलत होते. डोकं हलकं झालं. आता रोज —

३० जून

आज ते लावून बघितलं.

त्यात दांडी नाही. बोट नाही, बोंबील नाही. ती बाई गिरणेच्या पुराबद्दल बोलते. काका, स्टुडिओ, शाळेतलं बक्षीस. कोणी आजारी पडलं होतं, वडील बहुधा, त्यांची गोष्ट सांगताना ती रडते.

मला यातलं काहीच आठवत नाही. चांगली गोष्ट सांगते. ऐकत बसावंसं वाटलं.

तिला नाही काढलं मी. मला काढलं. मी आता त्या डिस्कवर —

७ जुलै

फोटो बघते. फ्रॉकातल्या दोन मुली, एक पेरू खाते आहे. यातली मी कुठली —

मिथुनला दाखवलं. सांग ना, मी कुठली. त्याने बघितलं नाही. जेवायला वाढ म्हणाला, मोनाली म्हणाला —

१४ जुलै

कीर्ती. कीर्ती. माझं नाव कीर्ती. डिस्क जपायची. कपाट, वरचा खण. मी फक्त तिथे आहे. डिस्क कोणी —

हे कुठल्या हाताने लिहिते आहे मी —

२८ जुलै

काविळीतून बरी झाले, तवापासून आज पयल्यांदा कपाट आवरायला काडलं. वरच्या खनात डबा गावला. आत डिस्क. मऊ कापडात गुंडाळून, पुड्या घालून, कशी जपून ठेवलेली! लॅपटॉपला लावून बगितली. एकाच बाईचे फोटो, सगळे. कोन ही? आमच्या हिरव्या ओट्यापाशी हुबी हाय. मिथ्याच्या बाजूला हार घालून हुबी हाय.

मिथ्याला इचारलं. तो मान खाली घालून म्हनाला, कोनी नाय ती. कोनी नाय तर एवडी जपली कशाला? माजा एक फोटो नाय या घरात. एक नाय! या वहीत पन तिचंच लिवलेलं, दोन वळी वाचल्या नि पुडं वाचवलं नाय. माज्या घरात, माज्या नवऱ्याबद्दल.

जीव जळतोय माजा. मी नाय ठेवनार तिला.

सगळे फोटो धरलेत. पुसू का, लॅपटॉप इचारतोय. पुस. तिचं गाव गेलं. शाळा गेली. पेरू खानारी पोर गेली — तोंडात पेरूची चव आली, कशी काय — लगीन गेलं. आता ती बोलते ते र्‍हायलंय. एक पुसला. दुसरा. आनि हे काय, माजा उजवा हात आपसूक पेन —

थांबू नकोस मोनाली. पुस. एकही ठेवू नकोस, जळ माझ्यावर, अजून जळ, सगळं पुस म्हणजे मी परत ये —